आमचा चिकू बोलतो!

"लव्हबर्ड कुठे बोलतात का हो?"

हा प्रश्न गेल्या दीड वर्षात मला निदान पन्नास जणांनी विचारला असेल. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू असते. आपला दोन वर्षांचा मुलगा रामरक्षा म्हणतो असे सांगणाऱ्या बापाकडे पाहून आपण हसतो ना, तसले! मी वाद घालत नाही. "या एकदा घरी, संध्याकाळी सहाच्या सुमारास," एवढेच म्हणतो. जे आले ते ऐकून गेले. काहीजण तर पुन्हा आले.

पण त्याआधी आमची जी फजिती झाली ती सांगितली पाहिजे. पक्ष्याला बोलायला कसे शिकवू नये याचा धडा त्या फजितीत आहे, आणि कसे शिकवावे हे समजण्यासाठी तो धडा फार उपयोगी पडतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुमारास आमच्या कन्येने कुत्रा पाळण्याचा हट्ट धरला. ठाण्यातली आमची जागा तिसऱ्या मजल्यावरची, दोन खोल्यांची. मी नोकरीला, सौ. नोकरीला, कन्या सातवीत, आणि दिवसभर घरात एकटी असते ती शहात्तर वर्षांची माझी आई. कुत्र्याला जिने उतरवून फिरायला नेणार कोण? मांडवलीच्या वाटाघाटी चार दिवस चालल्या आणि शेवटी कुत्र्याच्या जागी पक्ष्यांवर तडजोड झाली.

एका पक्षीविक्याकडे गेलो. त्याने पिंजऱ्यातली एक हिरवी-पिवळी जोडी दाखवली. "साहेब, जोडीनेच न्या. एकटा ठेवलात तर झुरून मरतो, म्हणून तर याला लव्हबर्ड म्हणतात!" मी विचारले, "बोलतात का?" तो म्हणाला, "बोलतात म्हणजे काय! सहा महिन्यांत पोपटासारखे!" बाजारात मी भाजीचा भावसुद्धा दोनदा विचारतो, पण तिथे मात्र त्या गृहस्थाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मी प्रमाण मानला.

घरी आल्यावर आईने पिंजऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पाखरांना कोंडून कसलं पुण्य लागणार आहे तुम्हाला?" त्यावर कुणापाशीच उत्तर नव्हते, म्हणून आम्ही ते ऐकले नाही.

मी मात्र मोठा बेत आखला होता. दिवाळीच्या पाडव्याला घरी येणाऱ्या पाहुण्यांना या जोडीने "शुभ दीपावली" म्हणायचे! त्यासाठी मी माझ्या आवाजात ते दोन शब्द मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि पुन:पुन्हा वाजत राहतील अशी व्यवस्था केली. सकाळी अर्धा तास, रात्री अर्धा तास. दोन महिने आमच्या घरात दिवाळीच दिवाळी होती! पक्षी एकमेकांच्या मानेची पिसे विंचरीत आणि आपापसात चिवचिवाट करीत बसत. माझ्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत.

पाडवा आला. पाहुणे आले. फराळाची ताटे पुढे झाली, आणि त्याच वेळी पिंजऱ्याच्या दिशेने खणखणीत आवाज आला, "शुभ दीपावली!" पाहुणे चकित झाले. एक मामा तर चिवडा हातात धरून उठून उभे राहिले. मी नुसता विनयाने हसलो. पण सत्याचा पुळका असलेली आमची कन्या म्हणाली, "अहो मामा, तो बाबांचा मोबाइल आहे. पिंजऱ्यामागे राहिलाय."

पुढचे मी सांगत नाही.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त पशुवैद्य राहतात. सारी इमारत त्यांना डॉक्टरकाका म्हणते. त्यांच्या गॅलरीत मोठा जाळीचा पिंजरा असून त्यात दहाबारा पक्षी सुखाने नांदतात. पाडव्याची हकीकत त्यांच्या कानी गेली तेव्हा ते हसत हसत वर आले, चष्मा पुसून त्यांनी आमची जोडी नीट पाहिली आणि म्हणाले, "पहिली गोष्ट म्हणजे हे लव्हबर्डच नव्हेत!"

त्या दिवशी डॉक्टरकाकांनी जे सांगितले ते वाचकांनाही उपयोगी पडेल. आपल्याकडे सर्रास ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो पक्षी म्हणजे बजरीगर, अर्थात बजी. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या अंतर्भागात हे पक्षी पाण्याच्या आणि दाण्याच्या शोधात हजारोंच्या थव्यांनी फिरतात. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजी इंग्लंडात नेले, आणि तिथून या चिमुकल्या पक्ष्याने घरोघर प्रवेश मिळवला. निसर्गात त्याचा रंग हिरवा-पिवळाच; आपण बाजारात पाहतो ते निळे, पांढरे रंग माणसाने पैदाशीतून जोपासले. लांबी साधारण सात इंच, त्यातली बरीचशी शेपटीची. आणि रानातल्या बजीचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम, म्हणजे एका लिंबाएवढे!

खरा लव्हबर्ड निराळा. तो आफ्रिका आणि मादागास्कर या भागांतला. त्याच्या नऊ जाती आहेत. अंगाने तो ठेंगणाठुसका, शेपूट आखूड, चोच जाड. जोडीदाराला बिलगून बसण्याच्या सवयीमुळे त्याला ते नाव पडले. तो बोलायला क्वचितच शिकतो आणि शिकला तर दोनचार शब्दांपुरताच. तेव्हा "लव्हबर्ड बोलतात का" या प्रश्नाचे खरे उत्तर असे : खरे लव्हबर्ड फारसे नाही, पण आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बजी मात्र बोलतात, आणि कधी कधी पोपटालाही मागे टाकतात.

हे मागे टाकणे किती असावे? इंग्लंडात न्यूकॅसलजवळ एका बाईंपाशी १९५४ साली जन्मलेला स्पार्की विल्यम्स नावाचा बजी होता. त्याला पाचशेहून अधिक शब्द येत आणि तो बालगीतेही म्हणे. १९५८ साली बी.बी.सी.ने घेतलेली बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा त्याने जिंकली. पुढे त्याच्या बोलण्याची ध्वनिमुद्रिका निघाली, पक्ष्यांच्या दाण्याच्या जाहिरातीतही तो बोलला. १९६२ साली तो वारला. पण पेंढा भरून जतन केलेला त्याचा देह आजही न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये आहे. त्याच्यावरही कडी केली ती कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीने. १९९४ साली तो मेला तेव्हा त्याची शब्दसंपत्ती १,७२८ शब्दांची असल्याची नोंद गिनीज बुकाने केली. आमच्या कचेरीत असे पुष्कळ गृहस्थ आहेत, ज्यांचे दिवसभरात एवढे शब्द होत नाहीत!

"मग आमचेच का बोलत नाहीत?" मी विचारले.

"कशाला बोलतील? यांना बोलायला माणूस आहे की घरात!" असे म्हणून डॉक्टरकाकांनी एकाचे चोच-डोळे आम्हाला दाखवले. बजीचे वय आणि नर-मादी ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत काळ्या बारीक रेघा असतात. तीनचार महिन्यांनी पहिली पिसे झडली की कपाळ साफ होते. पिल्लाचा डोळा सगळा काळाभोर दिसतो. मोठ्या पक्ष्याच्या बुबुळाभोवती पांढुरके कडे उमटते. चोचीच्या वर, जिथे नाकपुड्या असतात, तिथे एक मऊ पट्टी असते. मोठ्या नराची ती पट्टी निळी, मादीची पांढुरकी किंवा तपकिरी. पिल्लू असताना नराची पट्टी एकसारखी गुलाबी-जांभळट दिसते, तर मादीच्या नाकपुड्यांभोवती फिकट पांढरी वर्तुळे असतात. (अगदी पांढऱ्या आणि निव्वळ पिवळ्या रंगाच्या पक्ष्यांना हा नियम लागू नाही, त्यांच्यातल्या नराची पट्टी मोठेपणीही गुलाबीच राहते.) बोलायला शिकतो तो बहुधा नर, मादी क्वचित.

आमची जोडी चांगली प्रौढ होती. दोघांचा संसार मांडलेला होता, आपापली भाषा होती. त्यांना माझ्या "शुभ दीपावली"त कसले स्वारस्य?

शेवटी असे ठरले की ही जोडी डॉक्टरकाकांच्या मोठ्या पिंजऱ्यात, आपल्या जातभाईंत राहायला जाईल, आणि त्यांच्याकडे नव्याने उडू लागलेले एक नर-पिल्लू आमच्याकडे येईल. जानेवारीत ते आले. वय सहा आठवडे. नाव ठेवले चिकू. पक्षी हिरवा आणि नाव चिकू, हे काही मला पटले नाही. पण डॉक्टरकाकांनी दुजोरा दिला. ते म्हणाले, "च, क, ट, प अशी टणक व्यंजने बजीला लवकर उचलता येतात. नाव उत्तम आहे."

आता शिकवण्याची पद्धत सांगतो. यात आमचे काही नाही. सारे डॉक्टरकाकांचे आणि थोडे अनुभवाचे.

पिंजरा आडवा, लांबट असावा, म्हणजे पक्ष्याला पंख मारता येतात. तो आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, एका बाजूने भिंतीला लागून, जिथे माणसांची वर्दळ असते अशा खोलीत ठेवावा; पण स्वयंपाकघरात कधीही नाही. हल्लीचे न चिकटणारे तवे फार तापले की त्यांतून जो वायू निघतो तो माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावतो. खायला राळे, बाजरी असे बारीक दाणे, थोडी धुतलेली कोथिंबीर किंवा पालक, चोच घासायला समुद्रफेस आणि रोज ताजे पाणी. चॉकलेट आणि अवोकाडो मात्र वर्ज्य. दोन्ही त्याला विष.

पहिला आठवडा त्याला हातही लावू नये. पिंजऱ्यापाशी बसावे, हळू आवाजात बोलावे, एवढेच. मग रोज तळहातावर थोडे राळे घेऊन हात पिंजऱ्यात स्थिर धरावा. आमच्या कन्येने हे काम घेतले. नवव्या दिवशी चिकूने तिच्या बोटावर पाय ठेवला, आणि त्या दिवशी तिने गृहपाठ केला नाही. बोटावर निर्धास्त बसू लागल्याखेरीज शिकवणी सुरू करू नये. घाबरलेला पक्षी काही शिकत नाही. घाबरलेले मूल तरी कुठे शिकते?

शिकवणी दोन वेळा, सकाळी आणि दिवेलागणीला. प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटांहून जास्त नाही. दूरदर्शन संच बंद, पंखाही शक्यतो बंद. पिंजऱ्यात आरसा ठेवू नये, नाहीतर त्यातल्या मित्राशीच त्याचे संभाषण सुरू होते. एका वेळी एकच शब्द. तो स्पष्ट, थोडा लाडिक, एकाच सुरात म्हणावा. बायकांचा आणि मुलांचा उंच आवाज बजीला लवकर उचलता येतो. पहिला शब्द पक्का होईपर्यंत दुसरा सुरू करू नये.

आपल्याकडे पोपटाला बोलका करण्यासाठी मिरची खायला घालतात. डॉक्टरकाकांनी या समजुतीचा निकालच लावला. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा मुळी जाणवतच नाही! तेव्हा मिरचीने जीभ सुटण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय पक्षी बोलतो तो आपल्यासारखा गळ्यातल्या स्वरतंतूंनी नव्हे. त्याचे आवाजाचे यंत्र छातीत असते, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे. ओठ नसताना तो 'प' म्हणतो म्हणजे काय करतो, तर या यंत्रातून 'प'चा हुबेहूब भास निर्माण करतो. बजीचा आवाज बारीक आणि बोलणे झरझर असते, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही थोडा कान तयार करावा लागतो.

ही विद्या आपल्याला नवी नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत पोपट आणि मैना यांना बोलायला शिकवणे ही एक स्वतंत्र कला सांगितली आहे. मंडनमिश्रांच्या दारातले पोपट वेदप्रामाण्यावर वाद घालीत अशी आख्यायिका तर सर्वांना ठाऊक आहे. मात्र आपला रानातला हिरवा पोपट आज पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मैना, मुनिया यांचेही तेच. बजी परदेशी, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला, म्हणून तो पाळता येतो. पुण्य मिळावे म्हणून त्याला खिडकीतून सोडून देणारे लोक असतात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की दाणा शोधण्याचे त्याला ज्ञान नसते आणि कावळे वाटच पाहत असतात.

माझा मोबाइल का हरला तेही सांगतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी १९७७ साली ॲलेक्स नावाचा आफ्रिकन करडा पोपट घेतला आणि २००७ साली तो मरेपर्यंत, तब्बल तीस वर्षे, त्याला शिकवले. त्याला वस्तूंची नावे, रंग, आकार सांगता येत. त्यांची पद्धत मोठी मजेदार होती. पोपटाला थेट शिकवायचेच नाही! त्याच्यासमोर दोन माणसांनी बसायचे. एकाने शिक्षक व्हायचे, दुसऱ्याने विद्यार्थी. बरोबर उत्तर देणाऱ्याला ती वस्तू मिळायची. हे पाहून पोपटाला हेवा वाटे आणि तो मध्ये तोंड घाली. नुसत्या ध्वनिमुद्रणावर ठेवलेले पोपट मात्र शब्दांचा उपयोग शिकले नाहीत.

आम्ही हा प्रयोग घरी केला. सौ. आणि कन्या पिंजऱ्यासमोर बसत. सौ. विचारी, "कोण?" कन्या म्हणे, "चिकू!" आणि तिला शेंगदाणा मिळे. (शिकवणीच्या काळात कन्येचे वजन वाढले असा माझा अंदाज आहे.) मार्चमध्ये चिकू स्वतःशीच पुटपुटू लागला. बोबडे, अर्धवट, झोपेत बोलल्यासारखे. एप्रिलच्या एका सकाळी, मी दाढी करीत असताना, मागून स्पष्ट आवाज आला, "चिकू!" मग जरा थांबून, "कोण? चिकू!" मी गालावर फेस तसाच ठेवून घरभर नाचलो.

मला चेव आला. आता "शुभ दीपावली"! यंदा मोबाइल नाही, स्वतः तोंडाने. एप्रिल, मे, जून. चिकू मान तिरपी करून ऐके, डोळे मिचकावी आणि म्हणे, "कोण?"

जुलैतली गोष्ट. रविवार होता. पाऊस धो धो पडत होता, त्यामुळे आम्ही सगळे घरात. सौ. चहा गाळत होती, आई खाटेवर वाती वळीत होती. घड्याळात सहाचे ठोके पडले, आणि पिंजऱ्यातून एक आवाज आला. कन्येचा नव्हे, सौ.चा नव्हे, माझा तर नव्हेच.

"सहा वाजले. येतील आता. येतील आता."

सूर अगदी आईचा. 'येतील' मधला 'ये' थोडा लांबवलेला, शेवटी दमल्यासारखा श्वास. सौ.च्या हातातली गाळणी तशीच राहिली. कन्या हसू लागली होती ती मध्येच थांबली. चिकू पुन्हा म्हणाला, "येतील आता," आणि पाठोपाठ, उठताना गुडघ्यावर हात टेकून आई म्हणते तसेच, "आई गं!"

आईचा चेहरा गोरामोरा झाला. "काहीतरी बडबडतो मेला," असे म्हणून ती वातींचे ताट घेऊन आत गेली.

डॉक्टरकाकांना मी हे सांगितले तेव्हा ते लगेच काही बोलले नाहीत. मग त्यांनी पक्ष्याच्या बोलण्याचे मर्म मला समजावून सांगितले. बजी हा थव्याचा पक्षी. थव्यात प्रत्येकाची एक हाक असते, तिच्यावरून तो आपल्या माणसाला शोधतो. दोघांची जोडी जमली की नर आपल्या जोडीदारणीची हाक शिकून घेतो आणि तिला तिच्याच हाकेने बोलावतो, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगांत पाहिले आहे. एकट्या पक्ष्याला घरात ठेवले तर घरातली माणसे हाच त्याचा थवा. आणि त्यांची बोली हीच त्याची हाक. म्हणून तर बोलायला शिकवायचा पक्षी एकटा ठेवावा लागतो. "तुम्ही दिवसातून अर्धा तास त्याला धडा देता," डॉक्टरकाका म्हणाले, "पण दिवसभर त्याच्या थव्यात असतं कोण? आणि मनापासून, रोज त्याच वेळी, त्याच सुरात बोलतं कोण?"

मी हिशेब केला. सकाळी साडेआठला आम्ही घर सोडतो. कन्या शाळा आणि शिकवणी आटोपून सातला येते. मी आणि सौ. गाडी वेळेवर असली तर साडेसातला. आईच्या गुडघ्यांमुळे तीन जिने उतरणे महिन्यातून एकदाही होत नाही. पाखरे कोंडू नका म्हणणारी आई जानेवारीपासून रोज दुपारी त्या पाखराशीच बोलत होती. सहा वाजल्यापासून "येतील आता" असे ती किती वेळा म्हणत असेल? पक्ष्याला पाठ होण्याइतक्या वेळा. आणि आम्ही येत होतो साडेसातला, आल्यावर "आई, चहा घेतलास का?" एवढे विचारून जो तो आपापल्या मोबाइलमध्ये!

आईने कधी तक्रार केली नव्हती. विचारले असते तर "मला काय होतंय?" असेच म्हणाली असती. चिकूने आमच्या घरातले कोणतेही गुपित बाहेर फोडले नाही; फक्त आम्ही घरी नसताना घरात काय बोलले जाते ते आम्हाला ऐकवले.

त्या रात्री सौ.ने आणि मी फार चर्चा केली नाही. कन्येची संध्याकाळची शिकवणी बदलून सकाळची केली. सौ.ने आणि मी आठवड्याचे दोन दोन दिवस वाटून घेतले. ज्याचा दिवस त्याने लवकर सुटून आधीची गाडी पकडायची. आईच्या मैत्रिणींचे गुरुवारचे भजन तळमजल्यावर होत असे, ते आमच्याकडे होऊ लागले. पेटी वर आणताना डॉक्टरकाकांची कंबर धरली, पण त्यांनी तक्रार केली नाही. गुडघ्यांसाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा घरी येऊ लागल्या. यांत मोठेपणा काही नाही. हे आधीच व्हायला हवे होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. गेल्या दिवाळीच्या आधी एके संध्याकाळी आई चिकूला कोथिंबीर देत होती. मी जवळच होतो. ती म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही लवकर यायला लागलात. याच्यासाठी कोण येणार आहे रे?"

मी डॉक्टरकाकांना विचारले. ते म्हणाले, "मादी देतो. पण एक लक्षात ठेवा, मग हा तुमच्याशी फारसा बोलणार नाही. नवे शब्द तर विसराच."

घरात मतदान झाले. मी विरुद्ध होतो हे प्रामाणिकपणे कबूल करतो. एवढ्या मेहनतीने बोलता केलेला पक्षी! शिवाय पाडवा तोंडावर आलेला. कन्या काठावर होती. सौ. आईच्या बाजूने. आई म्हणाली, "बोलायला कोणी नाही म्हणूनच तो आपल्याशी बोलतो ना? मग तसलं बोलणं हवं कशाला?" माझे मत एकटे पडले. वसुबारसेला निळ्या रंगाची मादी घरी आली. तिचे नाव पोळी. तेही कन्येनेच ठेवले.

डॉक्टरकाकांचे भाकीत बरेचसे खरे ठरले. दोन आठवड्यांत चिकूच्या तोंडी एक नवीच किणकिणती हाक आली. ती पोळीची होती. "कोण? चिकू!" हे हळूहळू कमी होत गेले. आता दिवसभर दोघे एकमेकांची मान विंचरीत बसतात आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला आता त्याचे वाईट वाटत नाही, असे मी लोकांना सांगतो.

मात्र सहा वाजले, तुळशीपाशी दिवा लागला, की चिकू अजूनही दांडीच्या टोकाला येतो आणि म्हणतो, "येतील आता." परवा माझा लवकर येण्याचा दिवस होता. जिना चढून दाराशी आलो, किल्ली लावणार एवढ्यात आतून ते शब्द ऐकू आले. पाठोपाठ आईचा आवाज, "येतील काय रे, आले बघ! पावलं वाजली."

तेव्हा, ज्यांना पक्षी बोलका करायचा आहे त्यांनी लहान नर-पिल्लू निवडावे, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे धीराने शिकवावे, तीन महिने वाट पाहावी. दिवसाचे तास दोन तास त्याच्याजवळ बसायला घरात कोणी नसेल, तर बोलण्याचा हट्ट सोडून जोडीच आणावी. ते जास्त माणुसकीचे. आणि एक व्यवहाराची गोष्ट : पक्ष्याला निदान घराचा पत्ता शिकवून ठेवावा. २०१२ साली जपानमधल्या सागामिहारा शहरात उडून गेलेल्या एका बजीने पोलिसांना आपला पत्ता सांगितला आणि पोलिसांनी त्याला घरी पोहोचवले! आमचा चिकू हरवला तर काय सांगेल? "येतील आता" एवढेच. पण तेवढ्यावरून आमच्या इमारतीत तरी त्याला कोणीही ओळखील.

राहता राहिले माझे ते दोन शब्द. यंदाही पाडव्याला पाहुणे येतील, फराळाची ताटे पुढे होतील, आणि चिकू माझ्याकडे पाठ करून पोळीशी बोलत बसेल. दोन वर्षे जे मी त्याच्याकडून वदवू शकलो नाही, ते आता मलाच म्हटले पाहिजे.

वाचकहो, शुभ दीपावली!